पॉइंटमनकाकांचे टमाटर

पॉइंटमनकाकांनी आयुष्यात कुणाला अख्खा टमाटर दिला नाही. दारात कुणीही आलं, अगदी स्टेशनमास्तर आले तरी, काका सुरीने टमाटर उभा चिरायचे, चमच्याने आतलं सगळं बी एका पितळी वाटीत काढून घ्यायचे आणि मग नुसत्या गराची फोड मीठ भुरभुरवून पुढे करायचे. खाणाऱ्याला वाटायचं, केवढा हा पाहुणचार! मला मात्र त्या वाटीचा राग यायचा. फोड माझ्या तोंडात असायची आणि डोळे वाटीवर.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. माझ्या यजमानांना वर्ध्याच्या कचेरीत नोकरी लागली, मला मुलींच्या प्राथमिक शाळेत, आणि आम्ही बोरगाव मेघेला दोन खोल्यांचं घर घेऊन राहिलो. शेजारच्या घरात काका. ते रेल्वेत पॉइंटमन होते. येणारी गाडी कोणत्या रुळावर जायची, त्याप्रमाणे सांधा बदलायचं काम त्यांचं. बायको वारलेली, एकुलती मुलगी अल्लीपूरला दिलेली. ड्यूटी नसली की काका परसात. दोन्ही परसांच्या मध्ये पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, कुंपण होतं, कमरेएवढं. ते थोडं उंच असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

माहेरी अमरावतीला माझ्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत. वांगी, वाल, दोडके, जे लावीन ते यायचं. त्या गुर्मीतच मी पहिल्या वर्षी टमाटर लावले. झाडं आली, फळं धरली, आणि सुपारीपेक्षा जराशी मोठी होऊन लाल झाली. कुंपणापलीकडे काकांचे टमाटर लहानग्या भोपळ्यासारखे खाचाखाचांचे, देठाशी हिरवट, खाली गुलाबी. एकेक अर्ध्या शेराला भरायचा. तुराट्यांच्या, तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, आधाराला बांधलेली ती झाडं वाऱ्यावर हलायचीसुद्धा नाहीत, इतकी जड.

संक्रांतीच्या आसपास काकांनी यजमानांना एक फोड दिली. त्या दिवशी ताटात माझ्या टमाटरांची चटणी होती. यजमानांनी फोड खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, "याला म्हणतात टमाटर." चटणी तशीच राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ते मला याहून कितीतरी वाईट बोलले असतील. लक्षात राहिलं ते एवढंच वाक्य.

टमाटराला काका भेदरं म्हणत, इकडचा जुना शब्द. त्या भेदऱ्याची हकिगत ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. स्टेशनजवळच्या बंगल्यात एका इंजिन ड्रायव्हरची मडम राहायची. बागेचा तिला फार नाद. नवरा रिटायर झाल्यावर ती देश सोडून निघाली. "साऱ्यायनं खुर्च्या मागतल्या, कपाटं मागतली," काका सांगत, "मीनं भेदऱ्याचं बी मागतलं. मडम रडाले लागली न बापा! म्हणे, तूच एक माणूस निघाला." तेव्हापासून दरवर्षी ते बी धरत. झाडावरचं सगळ्यात चांगलं फळ हेरून त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. ते पूर्ण पिकू द्यायचं, त्याचं बी तीन दिवस वाटीत आंबवायचं, धुवायचं, राखेत चोळून सावलीत वाळवायचं आणि पुरचुंडी करून आढ्याला टांगायची. पोळ्याच्या सुमाराला पेरायचं. जे फळ लोकांना चाखायला चिरायचे त्याचं बी मात्र ते फेकत नसत, पेरतही नसत. ते सरळ चुलीत जायचं. दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून.

मी एकदा भीड मोडून मागितलंच. "काका, चार दाणे द्या ना."

काका वाफ्यात उकिडवे बसले होते. वरही न बघता म्हणाले, "बाई, बियाचं काम नाई हे. तुमच्या हाताले घाई हाय. झाडाले वीस फुलं लागली का तुमाले वीस फळं पायजेत. मी सोळा खुडतो न चार ठेवतो."

हे खरं असेल. पण 'हाताले घाई' हे शब्द मला झोंबले. पोरींना बाराखडी शिकवणाऱ्या बाईला हा सांधे बदलणारा माणूस शिकवणार!

पुढच्या हिवाळ्यात एके दुपारी काका ड्यूटीवर गेले होते. मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापासून दोन हातांवर चिंधी बांधलेलं फळ लोंबत होतं, पिकून इतकं भरलेलं की देठ वाकला होता. मी पाय उचलून कुंपण कधी ओलांडलं ते मला खरंच सांगता येणार नाही. फळ पदराखाली घेऊन घरात आले, कडी लावली, बी काढलं आणि उरलेला गर उभ्याउभ्याच खाऊन टाकला. हनुवटीवरून रस ओघळत होता. इतकं गोड मी त्याआधी काही खाल्लं नव्हतं आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी पलीकडे आवाज चढला. काकांच्या परसात एकाच बाईचं जाणंयेणं होतं, गंगूबाईचं. ती वस्तीच्या टोकाला शेळ्या पाळायची, काकांच्या वाफ्यांना लेंड्या आणून टाकायची आणि चार घरची अंगणं सारवायची. माझंही.

"दुसरं कोण येते इथी?" काका ओरडत होते. "पोरगी समजून घरात येऊ देल्लं तुले!"

"मायी शपथ घ्या काका, मीनं नाई तोडलं. मले काय करायचं हाय बियाचं? माह्यापाशी जमीन हाय का?"

"मंग विकलं असशील कोनाले!"

मी दाराआड उभी होते. एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले.

काकांनी दुसऱ्या फळाला चिंधी बांधून बी धरलं, पण गंगूबाईची त्यांच्याकडची वाट बंद झाली. चोर म्हटल्यावर आणखी दोन घरांनी तिचं सारवण सोडलं. चार दिवसांनी ती लेंड्यांची पाटी घेऊन माझ्या परसात आली. "त्यायनं मले चोर म्हटलं बाई. आता हे खत तुमच्याच वाफ्याले. तुमी तरी इश्वास ठेवला." मी तिला चहा दिला. तिने तो बशीत ओतून सावकाश प्यायला आणि कप विसळून पालथा ठेवून गेली.

दुसऱ्या वर्षी माझ्या परसात तेच टमाटर आले. या खेपेला मी फुलं खुडली. काकांचं ऐकून खुडली, हेही कुणाला सांगायची सोय नव्हती. फळं भरत गेली तशी मी कुंपणाला आतून आडोशासाठी तुराट्यांचा ताटवा लावला, पुरुषभर उंच. गंगूबाईची लेंड्यांची पाटीही पुढच्या अंगणातच उतरवून घेऊ लागले. बायकामाणसं असलेल्या घरी परसापर्यंत जायचं नाही हा काकांचा शिरस्ता होता, तो माझ्या पथ्यावर पडला. यजमानांना सांगितलं, शाळेतल्या एका बाईंनी बी दिलं, पण काकांपाशी बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. ते खाऊन म्हणाले, "जवळजवळ काकांसारखेच आहेत हं." जवळजवळ! अर्ध्या शेराची फळं माझ्या दारी लटकत होती आणि ती मला कुणाला दाखवता येत नव्हती. उलट काकांकडे कुणी आलं, वा वा सुरू झाली, की ताटव्याआड मी जळत बसायची. माझ्याकडेही तेच आहे, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात काका मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर अल्लीपूरला गेले. परतले ते पोळ्याच्या तोंडावर. आढ्यावरचं कौल सरकलं होतं आणि पाण्याची धार नेमकी पुरचुंडीवर. आतल्या बियांचा काळा बुरशीचा गोळा झाला होता. काका तो गोळा तळहातावर घेऊन ओट्यावर बसले. यजमान चौकशीला गेले तेव्हा म्हणाले, "संपलं साहेब. मडमिनीचं भेदरं संपलं."

मी आठ दिवस घरात फिरत राहिले. माझ्याकडे बी होतं, मुठीत मावणार नाही इतकं. मनात येत होतं ते आता लपवत नाही: आता या गावात हा टमाटर फक्त माझा. एकटीचा. पहिले दोन दिवस मला त्याचा आनंदच झाला होता. तिसऱ्या दिवशी गंगूबाई अंगण सारवायला आली आणि काकांच्या ओट्याकडे बघत म्हणाली, "बिचारे. पोरगी मेल्यासारखे बसून राह्यले." ज्याने तिला चोर ठरवलं त्याच्यासाठी तिचे डोळे भरले होते. त्यानंतर मला अन्न गोड लागेना.

आठव्या दिवशी सकाळी मी काकांच्या ओट्यापाशी उभी राहिले.

"काका, बी माझ्याकडे आहे."

"कायचं बी?"

"तुमचंच. चिंधीवालं फळ मी तोडलं होतं."

काकांनी मान वर केली. मग अगदी हळू म्हणाले, "म्हंजे, गंगू नोहे?"

"नाही. मी."

मला वाटलं होतं, ते शिव्या देतील किंवा बी मागतील. ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि चालायला लागले. मी मागून गेले नाही, पण वस्तीने पाहिलं ते मला लगेच कळलं. गंगूबाईच्या झोपडीपुढे त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि चार माणसांदेखत म्हणाले, "गंगू, माह्या तोंडाले कीड पडो. तू चोर नोहे." कोण चोर, ते त्यांनी सांगितलं नाही. गंगूबाईने विचारलं नाही; मी तिला परसात का येऊ देत नव्हते, ते तिला कळलं. दुसऱ्या दिवशीपासून ती माझं अंगण सारवायला आली नाही.

संध्याकाळी काका माझ्या दाराबाहेर उभे राहिले. मी पुरचुंडी पुढे केली. त्यांनी ती सोडली, बियांचे तीन वाटे केले, एक मला परत दिला. "ठेवा. एकाच घरी ठेवलं का असंच होते. हे अक्कल मले म्हातारपणी आली." दुसरा वाटा त्यांचा. तिसरा गंगूबाईचा.

यापुढची दोन वर्षं मला सगळ्यात जड गेली. काका माझ्याशी वाईट वागले नाहीत. नमस्कार घेत, यजमानांना फोडी देत. पण मी काही विचारलं, की "तुमाले येते सारं," एवढंच म्हणत. आणि रोज संध्याकाळी कुंपणापलीकडे गंगूबाईला शिकवत. कोणता फुटवा मोडायचा, कोणता ठेवायचा, पानं का वळतात. ती काही चुकली की दोघंही हसत. ताटवा मी कधीच काढून टाकला होता. आता मला सगळं दिसायचं. टमाटर माझ्याकडे होते, खतही मी विकत घेत होते. हेवा वाटायचा तो त्या हसण्याचा.

रिटायर झाल्यावर काकांनी आपलं परस गंगूबाईला कसायला दिलं आणि अल्लीपूरला मुलीकडे निघाले. टांगा उभा होता. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, गंगूले वाचता येत नाई. मी कारड टाकत जाईन. तेवढं तिले वाचून दाखवत जाजो." एवढं बोलून टांग्यात बसले.

आणि पत्रं आली. महिन्याला एक पोस्टकार्ड, चौथी शिकलेल्या माणसाच्या मोठ्या अक्षरात, 'गंगूस आशीर्वाद' असं सुरू होणारं. ज्यासाठी मी एकदा कुंपण ओलांडलं होतं ते सगळं त्या कार्डांत होतं: थंडी पडली तर रोपांवर गवत कसं टाकायचं, बियाचं फळ पहिल्या तोडणीचं का घ्यायचं नाही. सगळं गंगूबाईसाठी. मी कुंपणाअलीकडून वाचायची, ती पलीकडून ऐकायची. 'पुन्हा एक डाव वाचा' एवढंच बोलायची. माझं नाव एकाही कार्डात नव्हतं. काकांना मला शिक्षा करायची होती की शिकवायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षी, झाडांना नुकती फुलं लागली असताना, कार्ड आलं ते वेगळ्या अक्षरात. काकांच्या मुलीचं. मी ते मनात वाचलं आणि उभी राहिले. गंगूबाई मातीचे हात पुसत कुंपणापाशी आली.

"काय म्हणते काका? फुलं खुडू का अजून थांबू?"

एकदा मी दोन वर्षं गप्प राहिले होते. या वेळी सांगितलं. "काका गेले, गंगूबाई. मंगळवारी."

ती खाली बसली. बराच वेळ एका झाडाच्या बुंध्याशी माती दाबत राहिली, जिथे दाबायची गरज नव्हती तिथे. मग पदराने तोंड पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

"मंग आता तुमीच सांगा," ती म्हणाली. "खुडू का थांबू?"

मी कुंपण ओलांडून तिच्या वाफ्यात गेले.