बाबांच्या मानेवरची चौकट

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. बाबा रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून चाळीस-पन्नास माणसं ते वाळूवर खेचतात. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर मासे मागे पडलेल्या बाजूने निघून जातात. त्या सारख्या आणायचं काम बाबांच्या गळ्याचं. मधोमध उभे राहून ते अशी हाळी देत की डावीकडचे हात आखडते घेत आणि उजवीकडचे कमरेत वाकत. घरी आल्यावरही आवाज तोच. त्यांनी पाणी मागितलं की शेजारची म्हातारी आपला तांब्या घेऊन उठायची. मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले होते आणि मला त्या आवाजाची भारी लाज वाटायची. एकदा शाळेतल्या दुसऱ्या बाई घरी आल्या असताना मी बाबांना चक्क परसात पाठवून दिलं होतं.

साठ सालाच्या मागेपुढे केव्हातरी तो आवाज घोगरा झाला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मालवणच्या डॉक्टरांनी घशात छोटा आरसा घालून पाहिलं, औषध दिलं आणि महिन्याभराने पुन्हा पाहिलं. त्या वेळी त्यांनी औषध दिलं नाही. "मुंबईला जा, आणि आजउद्या करू नका," एवढंच म्हणाले. आईला मुंबईच्या माणसांशी बोलता येणार नाही म्हणून रजा काढून मी निघाले. बाबा आगबोटीवर कठड्याला धरून उभे राहिले आणि कप्तान बोट कशी चुकीची हाकतो ते रत्नागिरीपर्यंत मला घोगऱ्या आवाजात सांगत राहिले.

मुंबईच्या इस्पितळात घशातला एक कण काढून तपासला आणि मानेचे एक्स-रे काढले. डॉक्टर घाटावरचे होते, वयाने बाबांपेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी आम्हाला बोलावून कॅन्सर आहे असं सरळ सांगितलं. बाबांचं मात्र लक्षच नव्हतं. ते उजेडाच्या पेटीवर लावलेल्या फिल्मकडे बघत होते. मानेची एक बाजू होती ती. मणके पांढुरके, आणि त्यांच्या पुढून श्वासाची वाट काळ्या पट्ट्यासारखी खाली गेलेली.

"ही वाट," बाबा बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्यो मधी खडक आसा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं. आमच्या बंदरात शिरायची वाट खडकांमधून जाते, आणि जन्मभर ती बघितलेल्या माणसाला त्या काळ्या पट्ट्यातला हरभऱ्याएवढा फुगवटा दिसायला वेळ लागला नव्हता. डॉक्टर खूश झाले. मला ज्या जागी डोळे ताणूनही काही दिसत नव्हतं, तिथे त्या दोघांचं गूळपीठ जमलं.

मग डॉक्टरांनी खरी गोष्ट सांगितली. खडक लहान आहे, वर पसरलेला नाही, खाली पसरलेला नाही, हे फिल्मवरून कळतं. म्हणून कापायची गरज नाही, किरणांनी तो विरघळवता येईल. तो असा लवकर दिसला नसता तर जीव वाचवायला अख्खं स्वरयंत्र काढावं लागलं असतं. आताही किरण नेमके त्याच्यावर पडले नाहीत तर तीच वेळ येईल.

"म्हणजे आवाज?" मी विचारलं.

"आवाज जाईल," डॉक्टर म्हणाले.

ज्या आवाजाला मी परसात पाठवलं होतं तो आता मला हवा होता, आणि इतका हवा होता की मला स्वतःचाच राग आला.

किरण नेमके पडावेत म्हणून त्यांनी बाबांना टेबलावर निजवलं, हनुवटी वर करवली आणि एक्स-रे बघून मानेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या औषधाने एकेक चौकट काढली. यंत्राचा किरण रोज त्याच चौकटीतून आत जायचा. चौकट पुसायची नाही. मानेला पाणी नाही, तेल नाही, साबण नाही, वस्तरा नाही. आणि बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी शाळेतली एक पाटी आणली होती ती बाबांच्या हातात दिली. अर्धे उपचार झाल्यावर कातडी लालभडक झाली, तेव्हा डॉक्टरांनी दोन आठवड्यांची विश्रांती सांगितली. दिवाळी तोंडावर होती. "घरी जा, पण चौकट सांभाळून आणा," असं बजावून त्यांनी आम्हाला सोडलं.

समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाची मान कोरडी ठेवणं हे काय प्रकरण असतं ते मला तेव्हा कळलं. मालवणला आगबोट दूर नांगर टाकायची आणि पडावातून किनाऱ्यावर यायचं. पडावातल्या लोकांनी बाबांना मध्ये बसवून चारी बाजूंनी छत्र्या धरल्या. आत बाबा संतापाने लाल झालेले, पण बोलायची सोय नाही. गावात तर प्रत्येक जण राखणदार झाला. बाबा पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, गेले की कोणीतरी पोरगं ओरडायचं, "तांडेलांनू, फुडे जाव नकात, लाट येता!" मोठमोठी माणसं येऊन चौकट बघून जात. आमच्या आईने तर कोणी हात लावू नये म्हणून जवळच पाट मांडला होता.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी विजयदुर्गची आते आली. बाबांची थोरली बहीण. तिच्या कानावर आजारपण गेलं होतं, चौकटीचं काही गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आई चुलीपाशी पोहे करत होती, मी घरापुढच्या खळ्यात रांगोळी काढत होते, आणि बाबा मान वाचवून अंग धुवायला न्हाणीत बसले होते. भावाला लहानपणापासून आपणच चोळून न्हाऊ घातलं या अधिकाराने आते न्हाणीत शिरली. पुढचं तिनेच आम्हाला कौतुकाने सांगितलं.

"मानेक कसली गो शाय लागली हुती ती? म्हयनोभर आंघोळ करूक नाय काय ह्येणा? तेल लावून उटण्यान घास घास घासलंय, तेव्हा निघाली."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. मी न्हाणीकडे धावले. बाबा पाटावर बसले होते, तेलाने चकचकीत, मान स्वच्छ. पाटी बाहेर राहिली होती. त्यांनी हात उडवले होते, मान हलवली होती, पण आतेला वाटलं, पाणी कढत लागतंय म्हणून लहानपणीसारखी नाटकं करतोय. न बोलायचा नियम त्यांनी प्राणपणाने पाळला होता.

आते रडायला लागली. बाबांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पाटी मागून घेतली. पाटीवर लिहिलं, "परत काढू."

त्यांचा आत्मविश्वास त्यांच्या धंद्यातला होता. समुद्राखालचा खडक दिसत नाही. पण देवळाचा कळस आणि टेकडीवरचा एकटा माड एका रेषेत आले, की आपल्या डावीकडे खडक आहे हे तांडेलाला ठाऊक असतं. अशा खुणा बाबांच्या डोक्यात शेकड्यांनी होत्या. मानेवर तर कळसाच्या जागी एक तीळच होता. ते पडवीत बाकड्यावर ताठ बसले, आईने आरसा धरला आणि माझ्याकडची जिभेला लावली की जांभळी उमटणारी पेन्सिल मी हातात घेतली. तिळापासून किती बोटं, जबड्यापासून किती, हे मुंबईत टेबलावर निजले असताना हेरून ठेवलेलं माप बाबा जाळ्याचं आस, म्हणजे एकेक भोक, मोजावं तसं आपल्या बोटांनी मोजून दाखवत होते. शेजारी जमलेच. प्रत्येकाने चौकट पाहिलेली, त्यामुळे प्रत्येकाला मत.

"जरा वर हुती."

"तुका काय ठावक, तू उजवीकडसून बघललंस."

मी सगळ्यांना गप्प केलं आणि वर्गात फळ्यावर आखते तशी सुरेख चौकट काढली, दोन्ही बाजूंना. चौकट बघून आतेचं रडं थांबलं. सगळ्यांनी पोहे खाल्ले. खरं सांगायचं तर मलाही माझ्या कामाचा अभिमान वाटला.

तो अभिमान आगबोटीवर टिकेना. चौकट बरोबर असेल तर ठीक. नसेल तर यंत्र रोज भलत्याच ठिकाणी किरण सोडत राहील आणि खडक आपला जिथल्या तिथे. बाबांना माझ्या तोंडावरून ते कळलं असणार. त्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. तीवर लिहिलं होतं, "सांगू नको." त्यांना लाजही वाटत होती, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील, रापणीचा हंगाम जाईल, ही धास्तीही होती. मी मान हलवली. होकाराची की नकाराची ते माझं मलाच माहीत नव्हतं.

इस्पितळात यंत्राच्या खोलीतला माणूस बाबांना टेबलावर घ्यायला लागला. चौकट त्याला अगदी पसंत पडलेली दिसली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी त्या नजरेने मी गार झाले असते.

"थांबा," मी म्हणाले. "ही चौकट डॉक्टरांची नाही. मी काढली आहे."

डॉक्टरांना बोलावलं. मी तेल, उटणं, आते, तीळ, पेन्सिल सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी भिंतीकडे बघत बोलत होते. त्यांनी वाकून मान पाहिली.

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "आता बघू, चौकट कशी आहे."

त्यांनी बाबांना पूर्वीसारखं निजवून हनुवटी वर करवली, माझ्या चौकटीच्या रेषांवर शिशाची बारीक तार चिकटवली आणि एक्स-रे काढला. फिल्म धुऊन येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. बाबा माझ्यापासून हातभर लांब सरकून बसले.

ओलीच फिल्म पेटीवर लागली. तारेची चौकट स्वच्छ पांढरी उमटली होती. आणि खडकाची जागा तिच्या बाहेर, चांगली बोटभर वर होती. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, या वेळी मलासुद्धा दिसलं. डॉक्टर म्हणाले, बसलेल्या माणसाची कातडी एका जागी असते आणि तोच माणूस मान ताणून निजला की ती ताणली जाऊन सरकते. तीळ तिच्याबरोबर सरकतो. कळस आणि माड जागचे हलत नाहीत, तीळ हलतो, हे मी बाबांना मालवणीत सांगितलं. ते फिल्मपुढे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी पाटी घेतली, "सांगू नको" तळहाताने पुसलं आणि पाटी काखेत मारली.

डॉक्टरांनी शेजारी जुनी फिल्म लावली. "आता खडक बघा," म्हणाले. जुन्या फिल्मवरचा हरभरा नव्या फिल्मवर तांदळाएवढा झाला होता. काळी वाट मोकळी दिसत होती. मी त्या गंभीर खोलीत मोठ्याने हसले. डॉक्टरही हसले. बाबांना हसायलाही बंदी होती, त्यांचे नुसते खांदे हलत होते. नवी चौकट काढल्यावर डॉक्टरांनी ती एका कागदावर मापासकट उतरून मला दिली आणि वर लिहिलं, "आतेबाईंसाठी."

उरलेले उपचार संपले. घसा आधी जास्तच बिघडला, पेजसुद्धा उतरेना. पुढे तो सुधारला. शेवटच्या फिल्मवर खडक नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आवाज आपणहून येईल तेव्हा येईल, ओढू नका. बोलायची परवानगी मिळाल्यावर बाबा बोलत ते एखाद्या भटजीसारखं हळुवार. गावाला ते चालेना. रापणीवर दुसराच माणूस हाळी देत होता, आणि बाबा मफलर गुंडाळून बाजूला उभे राहायचे. मी विचारलं की म्हणायचे, "बरो आसंय." मला ते बरं वाटत नव्हतं. रात्री आई आणि मी एकमेकींशी त्याबद्दल बोलायचं टाळायचो.

उन्हाळा लागला होता. मी तिसरीला पाढे घेत होते. सतराचा पाढा चालला होता आणि पोरं नेहमीप्रमाणे सतरा सातीला अडखळली होती. एवढ्यात पुळणीवरून, माडांच्या वरून, एक हाक आली. डावीकडच्या दोरवाल्यांच्या आळसाबद्दल होती. तीत त्यांच्या वाडवडिलांचा जो उल्लेख होता, तो वर्गात कोणी केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आवाज थोडा चिरका होता. मग दुसरी हाक आली, ती चिरकी नव्हती.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचो बापूस." मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मी घंटेपाशी गेले, घंटा दिली आणि चालू पाढ्यात शाळा सोडून दिली. सगळी पोरं पुळणीकडे धावली, मी त्यांच्यामागून.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. सरकारी मराठीत काय लिहावं याचा मी बराच विचार केला. शेवटी एकच ओळ लिहून सही केली. वडिलांचा आवाज ऐकू आला, सबब शाळा सोडली.