न फोडलेला नारळ

पोलीस नोकरीत तपासलेल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. विष्णुपुरीजवळच्या एका बांधकामाची ती सकाळ मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

लातूरकडचे एक ठेकेदार, सगळे त्यांना अप्पा म्हणत, तणतणत ठाण्यात आले. स्लॅबचा दिवस, मजूर हजर आणि मिक्सर सुरू करायचं लोखंडी हँडलच गायब. संशय जुन्या पोटठेकेदारावर. उमेदीपासून दोघांनी सोबत कामं केलेली. या वेळी ठेकेदारांनी स्लॅबखालच्या सेंट्रिंगचं काम एका नव्या मुकादमाला दिलं होतं. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करू, असं मी म्हणालो.

साइटसमोरच्या चहावाल्यानं खबर दिली. पोटठेकेदार सकाळीच रुमालात काहीतरी लांबडं गुंडाळून आले, त्याच्याकडे बसून चहा प्यायले आणि गेले होते. त्यांना बोलावून घेतलं.

"मामा, हँडल कुठं हाय?" हवालदारानं दरडावलं.

"घरी."

"म्हणजे चोरलं!"

"न्हाई, नेलं. चोर समोरच बसून चहा पितो व्हय?"

हवालदाराला हसू आवरेना. मी कारण विचारलं.

"साहेब, आजवर प्रत्येक स्लॅबचा नारळ अप्पांनी माझ्या हातात दिला. काम कुणालाबी द्या, नारळाला तर बोलवा! आता हँडल न्यायला तरी येतील."

आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. हँडल देव्हाऱ्याशेजारी उभं होतं, पुसून, हळदकुंकू लावून. जवळ एक नारळ.

माझे वडील गवंड्याच्या हाताखाली राबले. ठेकेदारानं नावानं हाक मारली, की घरी येऊन आईला कौतुकानं सांगायचे. त्यांच्या कष्टावर मी घरातला पहिला पदवीधर झालो. मामांचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही. मी ठेकेदारांना फोन केला, "अप्पा, स्वतः या. इथंच मिटेल."

"येतो," ते म्हणाले.

मामांनी शर्ट बदलला. बायकोला सांगितलं, "चहा टाक. अप्पांना साखर कमी."

गाडी आली. मामा दारापर्यंत धावले. उतरला तो नवा मुकादम.

"अप्पा कामावर हायेत. हँडल द्या म्हणले."

मामांनी एकदा गाडीत डोकावून पाहिलं. मग हँडल आणून मुकादमाला दिलं, सोबत नारळ दिला.

"अप्पांना म्हणावं, आधी हे फोडा."

तक्रार मागे घेतली गेली, वस्तू मिळाली. तपास पूर्ण झाला, तरी ज्याची वाट पाहिली तो माणूस आला नाही. गेलेली वस्तू पोलीस परत आणू शकतात. त्या दिवसापासून मी त्याहून जास्त कोणाला कबूल केलं नाही.

कमी साखरेचा तो चहा मी प्यायलो. आता निवृत्तीनंतर फिरायला निघालो आणि कुठं स्लॅबची तयारी दिसली, की पाय थांबतात. नारळ कोणाच्या हातात देतात, ते पाहूनच पुढं जातो.