चहा दोन, एक बिनसाखरेचा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी सायखेड्याची, घरातली पहिली पदवीधर, नाशिकला एका संस्थेत समुपदेशक. बाईचं ऐकायचं आणि ते बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. त्यात मी कुणाला हार जात नाही, हे अभिमानाने सांगते. तरीही हे घडलं…

मागच्या वर्षीची गोष्ट. दुपारी साडेतीनला नामपूरजवळच्या कल्पनाची (नाव बदललंय) ऑनलाइन मीटिंग होती. नवरा मारायचा. तो मार्केटला गेला की ती बोलायची. घरी सांगायची, शिवणक्लासची मीटिंग आहे. आमची संस्था तेही क्लास घेते. मीटिंग सुरू करताना स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. मी न वाचताच ‘ओके’ केलं.

चाळीस मिनिटं बोललो. सोमवारी सकाळच्या बसने मुलीला घेऊन निघायचं ठरलं. शेवटी तिनं विचारलं, “ताई, हाई कोनले समजाव नई ना?”

“कुणाला नाय समजणार. माझा शब्द हाय.”

मीटिंग बंद केली आणि समोर ओळ आली — ‘एआय नोट्स सर्व सहभागींना मेल केल्या आहेत.’

मघाचं ‘ओके’ म्हणजे आमचं बोलणं आपोआप टिपून मेल करायची परवानगी होती. सर्व म्हणजे मी… आणि कल्पनाच्या फोनमधला मेल आयडी. तो नवऱ्याचा! फोन त्यानेच चालू करून दिलेला. गेलेला मेल परत येईना. कॉम्प्युटर बघणाऱ्या सलीमला ओरडून बोलावलं.

“ताई, ओके करायच्या आधी वाचायचं असतं. एमएसडब्ल्यू झालात ना?”

टोमणा बरोबर बसला. मला आलेला मेल उघडला.

‘चर्चेचा विषय: चहा. ठरलेले काम: चहा दोन, एक बिनसाखरेचा.’

बस्. एवढंच! ती सलीमनेच व्हरांड्यातून टपरीवाल्या मामांना दिलेली ऑर्डर होती. माझं दार बंद होतं. दाराबाहेरचं ते वाक्य अक्षरन् अक्षर उतरलेलं, आणि आमच्या दोघींचा चाळीस मिनिटांत एक शब्द नाही…

इतक्यात ऑफिसचा फोन वाजला. कल्पनाचा नवरा.

“ओ म्याडम, शिवणक्लासवाल्या ना? मेलवर चहाचं काय धाडलंय?”

“चुकून गेलं, भाऊ.”

“बिनसाखरेचा कोन पितं तुमच्यात?”

“मीच.”

हसला आणि फोन ठेवला.

सलीमने नंतर तोच लॅपटॉप, तीच खोली, तेच सॉफ्टवेअर घेऊन आठ-दहा वेळा करून बघितलं. मराठीत बोललो, अहिराणीत बोललो. दरवेळी आमचं सगळं बोलणं उतरलं. व्हरांड्यातलं एकदाही नाही. कारण त्याला सापडलं नाही, मला तर नाहीच नाही.

सोमवारी कल्पना मुलीला घेऊन नाशिकला पोचली. ऑफिसात बसून आम्ही आधी तिचा स्वतःचा मेल आयडी काढला. यावेळी स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मी मोठ्यानं वाचली, मराठीत समजावली. ‘हो’ की ‘नाही’ ते तिनं दाबलं. पासवर्डची वेळ आली तेव्हा मी उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

“ताई, बघा ना, बरोबर शे का?”

“नाय बघणार. तुझा हाय तो.”

पाठीमागे एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. सावकाश, एका बोटाने.