खोडलेल्या अटीचा कागद

धुळ्याहून आलेल्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, तेव्हा वाचायच्या आधीच कळलं की कोणीतरी गेलं. आमच्या बाजारपेठेतले शिंपी, नाना. मुलीकडे म्हणून धुळ्याला गेले होते, तिथेच... तीन आठवडे झाले, अजून खरं वाटत नाही.

मी नगरपालिकेत कारकून. आमची ओळख झाली ती अर्जामुळे. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. नानांना गावच्या बागेत रविवारी संध्याकाळी गाण्यांची बैठक भरवायची होती आणि पहिल्या बैठकीत त्यांची आई अहिराणी गाणी म्हणणार होती. मायला दम्याने धरलं होतं. आवाज आहे तोवर चार माणसांनी तो ऐकावा, एवढीच नानांची इच्छा. बाग फिरण्यासाठी आहे म्हणून पहिला अर्ज परत गेला, हिरवळ तुडवली जाईल म्हणून दुसरा. तिसऱ्या वेळी, ही कसली गाणी, असं विचारलं गेलं. दर वेळी नाना नवा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी उभे, कपाळावर आठी नाही. सव्वा वर्षाने परवानगी निघाली. पत्र मीच लिहिलं; म्हणजे गोऱ्या साहेबाच्या काळातल्या फायलीतून अटी जशाच्या तशा उतरवल्या. कारकुनाचा हात तो, डोक्याला कशाला विचारतोय.

नानांनी पत्र उभ्यानेच वाचलं. शेवटच्या अटीवर बोट थांबलं. 'कार्यक्रमास फक्त प्रतिष्ठित नागरिकांस प्रवेश राहील.'

"भाऊ, मनी माय बाजारमा भाजी इकस. ती प्रतिष्ठित शे का?"

मी गडबडलो. फाटकावर कोण विचारतंय, म्हटलं. मायला वाचता तरी कुठे येतं, असंही बोलून गेलो. त्याची लाज आजही वाटते.

"तिले वाचता येत नई, पन माले येस," नाना म्हणाले आणि पत्र माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

थंडीचे दिवस. मायची धाप वाढत चाललेली, आणि हा माणूस हातात आलेली परवानगी परत करून दुकानात काजं करत बसला होता. एवढी छाती मी तरी कुणाची पाहिली नव्हती. चार दिवस मला जेवण गोड लागेना. शेवटी मुख्याधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितलं की ही ओळ कुणी सांगितली नव्हती, मीच न वाचता उतरवली. त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं, विषय सभेपुढे ठेवला, आणि दोन महिन्यांनी त्याच पत्रावरची ती अट लाल शाईने खोडली.

होळीनंतरच्या रविवारी माय बागेतल्या गवतावर बसली. भोवती भाजीवाल्या, कापसाच्या जिनातले हमाल, दोन वकील, कोपऱ्यात आमचे साहेबसुद्धा. दोन गाणी झाली आणि तिला धाप लागली... तेव्हा भाजीवाल्यांनी पुढची ओळ उचलली. माय डोळे मिटून ऐकत राहिली, नुसते ओठ हलत होते. त्या बागेत माय तेवढी एकदाच गायली. पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. बैठक मात्र दर रविवारी भरत राहिली.

नानांनी तो कागद चौकटीत घालून, कडेने काळ्या कापडाची पट्टी लावून मशीनच्या वर टांगला. मी चहाला जायचो, पण त्या चौकटीकडे पाठ करून बसायचो. लाल रेघेखाली माझं अक्षर, तळाशी 'नक्कल करणार' म्हणून माझं नाव. येणारं-जाणारं गिऱ्हाईक वाचत असणार, असं सारखं वाटायचं. काढा म्हणायचा मात्र धीर झाला नाही.

परवा दुकान आवरताना नानांच्या मुलीने ती चौकट माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरून पाहिली. तिन्ही बाजूंनी पट्टी बोटभर, खाली मात्र चांगली तीन बोटं रुंद. नानांच्या हातून माप असं चुकायचं नाही. घरी येऊन काच काढली, खालचं कापड हळूच उचललं. त्याखाली माझं नाव होतं.