खूण न ठेवणारी लेन्स

हात्सुएला नवऱ्याचा, कात्सुमीचा संशय आला तो धूळ पुसताना. त्यानं जपानातल्या ओकाया शहराच्या लेन्स कारखान्यात उभी हयात घालवली होती. निवृत्तीनंतर त्याचा छोटा कॅमेरा फडताळात असे. लांबचं जवळ आणायला त्याच्या लेन्सचं कडं हातानं फिरवावं लागे, आणि जिथं सोडलं तिथंच ते राही. मंगळवारी गेटबॉल, म्हणजे दांड्यानं बॉल छोट्या फाटकांतून टोलवायचा खेळ, खेळून आली की हात्सुए फडकं मारायची. दर मंगळवारी कडं पार शेवटच्या आकड्यावर!

"आज कुठं गेला होतात?"

"तळ्यावर. बदकं टिपायला."

बदकं उत्तरेला जाऊन महिना उलटला होता. हात्सुएनं हे शेजारच्या किनुकोला सांगितलं.

"शेवटचा आकडा म्हणजे कुणाला तरी लांबून न्याहाळतायत," किनुको म्हणाली. "सत्तरीतले पुरुष एक तर झाडं लावतात, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"मी कुठं काय म्हटलं बाई!"

त्या रात्री जेवताना हात्सुएनं विचारलंच, "त्या कड्याला एवढा ताण कुणासाठी देता?"

कात्सुमीनं सूपचा वाडगा तोंडाला लावला. आणि चारच दिवसांत कॅमेऱ्यावर नवी लेन्स आली. बिस्किटाएवढी चपटी, मोटरवाली. बोटाखालची कळ दाबली की पुढं सरकायची, कॅमेरा बंद केला की मुकाट आत. कुठलाच आकडा मागं उरत नव्हता.

"मनगट दुखतं गं," तो म्हणाला.

याच माणसानं जन्मभर मोटरवाल्या लेन्सना आळशांची खेळणी म्हणून हिणवलं होतं. चोर पावलं पुसतोय, हात्सुएनं मनाशी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी तिचं खेळात लक्षच नव्हतं. मैदानाच्या कडेला शीतपेयांच्या यंत्राआड तिला ओळखीची टोपी दिसली. कात्सुमी दुसरीकडेच बघत होता, पण पोटाशी धरलेला कॅमेरा मैदानाकडे वळलेला. मैदानात हात्सुएच्या शेजारीच किनुको नवी जांभळी टोपी घालून बॉलवर वाकली होती. हात्सुएच्या डोक्यात तिडीक गेली. हातातला दांडा घेऊन ती तरातरा चालत गेली.

"दाखवा!"

त्यानं निमूट दाखवलं. नेम किनुकोवर नव्हताच. पडद्यावर हात्सुए होती. हसणारी, पंचाशी भांडणारी, वाकडं तोंड वासलेली. दोन वर्षांपूर्वी चेहऱ्यावरून वारं गेलं, डावा ओठ खाली ओढला गेला, तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती ओठांवर रुमाल धरे, एकही फोटो तिनं काढू दिला नव्हता. नातवाच्या बारशालाही ती सगळ्यांच्या मागं उभी राहिली होती.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर?"

"नाहीच म्हटलं असतं."

"म्हणून तर. कडं फिरवायचं तर दोन्ही हात वर, कॅमेरा डोळ्याशी. तुला संशय आल्यावर तू लगेच बघितलं असतंस. याला एक बोट पुरतं."

"वा! बायकोला फसवायला कारखान्याची सगळी अक्कल खर्ची घातलीत!"

ती विरघळली नाही. तिथंच उभी राहून तिनं एकेक फोटो पुसायला लावला. एका फोटोवर मात्र ती थबकली. किनुको हात उंचावून ओरडत होती, पुढं हात्सुए लालबुंद.

"हा राहू द्या. हिचा बॉल फाटकातून गेलाच नव्हता. बघा, बाहेर पडलाय!"

किनुकोनं तो फोटो पाहिला आणि ती आठवडाभर हात्सुएशी बोलली नाही.

हात्सुए अजूनही मंगळवारी कॅमेरा उघडून आत काय आहे ते तपासते. कात्सुमी आता आधी विचारतो, "काढू का?"

बहुतेकदा ती नाहीच म्हणते. कधी मात्र ओठांवरचा रुमाल बाजूला करते.

"काढा. पण डोळ्याला लावून. तुम्ही काय करताय ते मला दिसू दे."