ताडोबा टाळून, काचेच्या कांड्या घेऊन

मे महिन्यात शहाणी माणसं चंद्रपूरला वाघ बघायला जातात. मी कांड्या तोडायला गेलो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचं ओढून तोडायचं यंत्र दुरुस्तीच्या मंजुरीची वाट बघत बसलंय. गडचिरोलीच्या एका कॉलेजात तसंच यंत्र उद्घाटनाच्या हारासकट पडून होतं. ते एका दिवसापुरतं मिळालं.

कांड्या म्हणजे काचेचे धागे आणि राळ यांच्या बोटभर पट्ट्या. अतिवाहक चुंबकाची तार कडाक्याच्या थंडीतच काम करते, आणि चुंबकाचा जोर तिचं वेटोळं फोडायला बघतो. ते धरून ठेवतं हे मिश्रण. म्हणून कांडी द्रव नायट्रोजनमध्ये गार करायची आणि तुटेपर्यंत ओढायची.

तुम्हीही अशी सहल आखत असाल तर नायट्रोजन चंद्रपुरातच भरा. कॅन एसटीत घेत नाहीत, जीप करा. वाटेत मूल गावी वडा-भात खा, उन्हाचा राग जरा निवतो.

सावली गावाच्या पुढे चहाला थांबलो, तर कॅन बघून एक शेतकरी धावत आला. नाव केवळभाऊ.

"डॉक्टर, बरं झालं आले! गाय कालपासून माजावर हाय. कांडी हाय नं?"

"कांड्या आहेत, पण..."

"गीरची का साहिवालची?"

"काचेची."

चहावाल्या बाई म्हणाल्या, "काय काय नवीन जाती काढून राह्यले!"

गुरांच्या रेतनाची कांडीही नायट्रोजनमध्येच ठेवतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मी सगळं समजावलं. केवळभाऊ चक्रावले. "एवढं जपून आनता अन् तोडता? काऊन?"

मंजुरी देणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच विचारला नव्हता.

त्यांची अडचण खरी होती. गुरांच्या दवाखान्यातला नायट्रोजन तळाला गेला होता, भरायची गाडी आली नव्हती. "डॉक्टर सांजेले येतीन, तवर कांड्या मरतीन. मांगच्या खेपेले बी गाय खाली गेली, गाभन नाई राह्यली. घरी दूध नाई, भाऊ."

नायट्रोजन दिला तर माझी चाचणी अर्धवट राहणार होती. तरी अर्धा कॅन दवाखान्यात रिकामा केला. सांजेला डॉक्टरांनी आल्या आल्या गायीचं काम उरकलं.

गडचिरोलीत मोजक्याच कांड्या गार झाल्या, आणि त्याही अपेक्षेआधीच तुटल्या. राळेचं मिश्रण पुन्हा पहिल्यापासून. अहवालात कमी पडलेल्या नायट्रोजनचा हिशेब मी 'स्थानिक हवामानजन्य बाष्पीभवन' असा दिला. साहेबांनी शब्दाचं कौतुक केलं.

पोळ्याला केवळभाऊंचा फोन आला. "भाऊ, गाय गाभन हाय! तुमच्या कांडीचं काय झालं?"

"तुटली. लवकर तुटली."

"अरारा!" केवळभाऊ म्हणाले. त्या कामात मनापासून हळहळलेला हा पहिलाच माणूस.

"जाऊ द्या, भाऊ. पुढच्या माजाले लागन."