उंदरांची खुशाली

माझा थोरला भाऊ दर रविवारी सकाळी फोन करायचा आणि माझ्याआधी माझ्या उंदरांची खुशाली विचारायचा. "काय गं, उंदरं बरी हायत का?" मी म्हणायचे, "बरी हायत." मग तो पावसापाण्याचं, मेंढरांचं काहीबाही बोलायचा आणि फोन ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, फौजेतून परत आलेल्या माणसाला उंदरांचा एवढा कसला कळवळा! आम्हा दोघांना मात्र पक्कं ठाऊक होतं, खुशाली कुणाची चालली आहे ते.

तेव्हा मी सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजात पीएच.डी. करत होते. विषय बहिणीनं भावाशी बोलण्यातला नव्हता. रक्तात साखर फार दिवस वाढलेली राहिली की शरीरातल्या पेशींना एक प्रकारचा गंज चढतो. पुरुषाच्या बीजाला तो लवकर चढतो. संख्या घटते, चाल मंदावते. काही झाडपाल्यात हा गंज रोखणारी द्रव्यं असतात, त्यांना आम्ही अँटिऑक्सिडंट म्हणतो. मधुमेही उंदरांना ती दिली तर काय फरक पडतो, हे मी बघत होते. घरी वडलांना, आबांना, मी "साखरेवरचं औषध शोधतेय" एवढंच सांगितलं होतं.

हा विषय का घेतला असं कुणी विचारलं की मी अजूनही मार्गदर्शक बाईंवर ढकलते. खरं कारण वहिनी. सुगीत घरी गेले होते तेव्हा तिनं मला चुलीपाशी बसवलं आणि कनवटीचा घडी घातलेला कागद काढला. "वन्सं, इंग्रजीत हाय. वाचून सांगा, पर हळू." दादाच्या तपासणीचा रिपोर्ट होता. शुक्राणूंची संख्या फारच कमी, आणि जे होते त्यातलेही बहुतेक निपचित. वहिनीच्या सगळ्या तपासण्या आधीच चांगल्या आल्या होत्या. मी सांगितलं. तिनं कागद पुन्हा कनवटीला लावला. "कुणाला बोलू नगा," ती म्हणाली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला चांगलं माहीत होतं, पण घरात इंग्रजी वाचणारं दुसरं होतं कोण?

लग्नाला सात वर्षं झाली होती. दादाला तिशीतच साखर निघाली, गोळ्यांवरून इन्शुलिनवर आला, आणि पंधरा वर्षांची नोकरी झाल्यावर पेन्शन घेऊन म्हसवडजवळच्या आमच्या गावी परतला. गाव वांझ म्हणायचं ते वहिनीला. ती ऐकून घ्यायची, वर त्याच बायकांना चहा करायची. खरं सांगायचं तर मला तिचा रागच यायचा. वाटायचं, बाई, एकदा तरी तोंड उघड.

मी वनस्पती निवडली ती सराटा. दुकानात तिला गोखरू म्हणतात. आमच्या माळावर ती न पेरता उगवते आणि अनवाणी पायाला बरोबर सापडते. आबांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. दिवाळीनंतर सराटे वाळले की ते जुनं घोंगडं दोरीला बांधून पडीक रानातून फरफटत न्यायचे. काटे लोकरीला चिकटायचे, मग घोंगडं उलटं टाकून काठीनं झोडपायचं आणि खाली पडलेले सराटे सुपानं पोत्यात भरायचे. "जल्मभर मेंढराच्या खुरातनं हेच उपसलं," ते म्हणायचे, "आता लेक म्हणती गोळा करा. शिकून शानी झाली!" पण पोतं मात्र शिगोशीग भरायचे.

ते पोतं घेऊन दादा एसटीनं सांगलीला आला. माझा विषय ऐकून त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं होतं. म्हणाला, "दाव तर तुझी उंदरं." मी त्याला उंदरांच्या खोलीत नेलं. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर पिंजऱ्यात खुडबुडत होते. मी शिकवताना बोलते तशी बोलत सुटले. हे धडधाकट, हे साखरेचे, आणि हे साखरेचेच पण औषध दिलेले. "मागच्या तुकडीत औषधवाल्यांचं वाढलं," मी म्हणाले.

"काय वाढलं?"

"संख्या."

तो पिंजऱ्यापाशी वाकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पिल्लं झाली का त्यास्नी?"

झाली नव्हती. होणार तरी कशी? आमच्या प्रयोगात माद्या नव्हत्याच. ठरलेले दिवस भरले की उंदराला गुंगी द्यायची, पोट उघडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. ज्यांची संख्या वाढली ते उंदीर मोजण्याआधीच मेलेले होते, आणि हे पिंजऱ्यातले पुढच्या तुकडीचे होते. हे सगळं मला एका दमात सांगता आलं असतं. हेही सांगता आलं असतं की उंदराला लागू पडलेलं सगळंच माणसाला लागू पडत नाही.

"झाली," मी म्हणाले.

"किती?"

"लय."

तो हसला. गावी परतल्यापासून मी त्याला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. कँटीनमध्ये त्यानं बिनसाखरेचा चहा दोनदा मागवला, माझ्या मैत्रिणींची चेष्टा केली आणि स्टँडवर पोचवायला येऊ नको म्हणाला.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी तो फोनवर म्हणाला, "मी बी चालू केलंय."

"काय?"

"उंदरांचंच की. आबांनी घोंगडंभर सराटं ठेवल्यात घरात."

"बरं," मी म्हणाले.

किती घेतोस, आणि इन्शुलिन चालू आहे ना, हे दोन प्रश्न मी तिथल्या तिथं विचारायला हवे होते. विचारले नाहीत. मला लाज वाटली. भरल्या सभागृहात वृषण आणि वीर्य हे शब्द न अडखळता उच्चारणारी मी, सख्ख्या भावाला "सुई घेतोस ना?" एवढं विचारू शकले नाही. एक प्रश्न विचारला तर बाकीचं सगळं उघड्यावर येईल असं वाटलं. आमच्या घरात भाऊ-बहीण या गोष्टी बोलत नाहीत. आम्ही उंदरांबद्दल बोलायचो.

वैशाखात वहिनीचा फोन आला. दादाला दोन दिवस उलट्या होत होत्या, मग श्वास जोरजोरात चालायला लागला आणि शुद्ध गेली. जीपमध्ये घालून त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. मी पोचले तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. डॉक्टरांनी विचारलं, "इन्शुलिन कधीपासून बंद आहे?" वहिनी म्हणाली, "तीन आठवडं." सुईनं अंगात उष्णता वाढते, बीज जळतं, असं त्याला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. औषध आहेच की, मग सुई कशाला, असा त्यानं हिशेब केला. ते औषध माझं होतं.

तो वाचला. पाचव्या दिवशी त्याला साध्या वॉर्डात हलवलं. वहिनी खाली गोळ्या आणायला गेली तेव्हा मी त्याच्या पायाशी बसून सांगितलं, "दादा, पिल्लं झाली न्हवती. मी खोटं बोलले."

"ठावं हाय," तो म्हणाला. "मी विचारलं तवा तू खाली बघत हुतीस."

"मग घेतलंस कशाला?"

त्यानं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "कुनीतरी झाली म्हनालं, बास. सात वरसांत कुनी म्हनालं न्हवतं."

मी खूप रडले. तो माझ्या डोक्यावर थोपटत राहिला, हाताला सलाईनची सुई असताना. तिथंच सगळं थांबलं असतं तर मी आज त्याला भेटायला गावी गेले असते.

दुपारी आत्या आणि चुलती गावाहून आल्या. वॉर्ड भरलेला होता, शेजारच्या खाटेवर आमच्याच गावचा एकजण पाय मोडून पडला होता. आत्यानं दादाच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोर्चा वहिनीकडं वळवला. "एक लेकरू दिलं न्हाईस, आता कुकू बी पुसाय निघालीस व्हय? नवरा सुई घेतोय का न्हाई, एवढं बी दिसत न्हाई तुला?" चुलतीनं री ओढली, "आमी कवाचं म्हनत हुतो, दुसरी करा."

वहिनी थर्मासमधून त्यांच्यासाठी चहा ओतत होती. तो चहा बघून माझं डोकं फिरलं. पाच दिवसांची झोप नव्हती, गुन्हा माझा होता आणि बोलणी ती खात होती. मी ओरडले. "तिला काय बोलता? तिच्यात काही कमी नाही. कमी दादात आहे. रिपोर्ट मी स्वतः वाचलाय."

शेजारच्या खाटेवरचा गाववाला आमच्याकडं बघत होता. दादा जागा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, रागावलाही नाही. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं.

वहिनीनं दोघींच्या हातात कप दिले आणि मला दंडाला धरून बाहेर जिन्यापाशी नेलं. मला वाटलं, ती गळ्यात पडून रडेल. माझ्या मनात कुठंतरी तेवढी अपेक्षा होती, हे आता लिहायला हरकत नाही.

"वन्सं," ती अगदी हळू म्हणाली, "त्या बायांचं बोलनं मला नवं न्हवतं. मला तोंड न्हवतं का? ह्यास्नी लेकरू मी देऊ शकले न्हाई, दुखनं मला घेता येत न्हवतं. ह्यांच्या वाटंचं बोलनं तेवढं मला घेता येत हुतं. सात वरसं घेतलं. आता उद्या हे पारावर कसं बसत्याल, तुमीच सांगा."

ती पदरानं तोंड पुसून आत गेली.

दोन दिवसांनी दादाला घरी सोडलं. जीपमध्ये आबा पुढं बसले, मागं दादा आणि वहिनी. वहिनीच्या शेजारी एक जागा रिकामी होती. चल म्हणून कुणी म्हणालं नाही. दादानं काच वर केली, आणि मी दवाखान्याच्या दारातून चालत स्टँडवर गेले.